कॉम डीएलएल ३२ आणि ६४-बिट, दोन्हीकडे रजिस्टर करायलाच हवी का?

खटपट्या
माझं मत: विंडोजसाठी कॉम कंपोनंट (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याचा कोड वापरायच्या विंडोजच्या पद्धतीत बसणारा तुकडा) विकणाऱ्याने इन्स्टॉलरमध्ये ३२ आणि ६४-बिट, दोन्ही डीएलएल (प्रोग्रॅम लोड करतो त्या कोडच्या फाइली) द्याव्यात आणि दोन्ही रजिस्टर कराव्यात, म्हणजे विंडोजच्या रजिस्ट्रीत त्यांची नोंद करावी. ग्राहकाला 'क्लास नॉट रजिस्टर्ड'चा एरर आला की त्यालाच 'तुमचं ऑफिस किती बिटचं?' म्हणून विचारायचं, हा निव्वळ आळस आहे. ६४-बिट ऑफिस २०१० मध्ये आलं, २०१९ च्या आवृत्तीपासून न सांगता तेच बसतं, आणि विंडोज ११ तर पीसीसाठी ३२-बिटमध्ये निघालंच नाही. अजून किती थांबायचं?

जुना_गडी
द्या म्हणायला काय जातं! व्हीबी६ (व्हिज्युअल बेसिक ६) १९९८ चं, त्यातून ६४-बिट डीएलएल निघतच नाही. पतसंस्थांची हिशेबाची कामं आम्ही त्यावरच चालवतो. खाली जेट ४.० या डेटाबेस इंजिनचा ओएलई डीबी प्रोव्हायडर (डेटा आणून देणारा दुवा), तोही ३२-बिटच. सगळं ३२-बिट ठेवलं तर ६४-बिट विंडोजवर विनातक्रार चालतं. चालतंय त्याला हात कशाला लावायचा?

खटपट्या
चालतं, पण तुमच्या एक्सईपुरतं, म्हणजे स्वतःच्या प्रोग्रॅमपुरतं. उद्या शाखेतल्या ६४-बिट एक्सेलच्या मॅक्रोतून तीच डीएलएल बोलवा. ६४-बिट प्रोसेसमध्ये ३२-बिट डीएलएल लोड होत नाही, विषय संपला.

निमा_के
दोघांनाही थोडं टोकते. लोक काय करतात, तर तीच ३२-बिट डीएलएल आधी सिसवाऊ६४ (३२-बिट फाइलींचं फोल्डर) मधल्या आणि मग सिस्टिम३२ (६४-बिट फाइलींचं) मधल्या रेगएसव्हीआर३२ या नोंदणीच्या टूलने रजिस्टर करतात. दोन्हीकडे 'सक्सीडेड' येतं, कारण ६४-बिटवालं रेगएसव्हीआर३२ समोर ३२-बिट डीएलएल दिसली की गुपचूप ३२-बिटवाल्यालाच कामाला लावतं. नोंद दोन्ही वेळा वाऊ६४३२नोड या रजिस्ट्रीतल्या ३२-बिटच्या भागाखालीच जाते. (सिस्टिम३२ मध्ये ६४-बिट फाइली ठेवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.) डॉटनेट फ्रेमवर्कची 'एनीसीपीयू' असेंब्ली (३२ आणि ६४-बिट दोन्हीत चालणारी फाइल) असेल तर गोष्ट वेगळी. तिथे फ्रेमवर्क आणि फ्रेमवर्क६४ या दोन्ही फोल्डरांतलं रेगॲझम (डॉटनेटचं नोंदणीचं टूल) चालवलं की एकच फाइल दोन्हीकडे खरोखर वापरता येते.

व्हीबी६ साठी सरोगेट वापरा, म्हणजे डीएलएल वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा. क्लासला ॲपआयडी (रजिस्ट्रीतली ॲपची ओळख) जोडायचा, त्याखाली डीएलएलसरोगेट ही रिकामी व्हॅल्यू. मग डीएलएल ३२-बिट डीएलएलहोस्ट या विंडोजच्या प्रोसेसमध्ये चालते आणि ६४-बिट एक्सेल तिच्याशी बाहेरून बोलतं. व्हीबी६ चे इंटरफेस ऑटोमेशनचे असल्याने मार्शलिंगचा (एका प्रोसेसमधून दुसरीत डेटा नेण्याचा) वेगळा कोड लागत नाही.

नोंदणीविरोधक
मुळात रजिस्टर करायचंच कशाला? एक्सपीपासून मॅनिफेस्ट (एक्सईला कुठली डीएलएल हवी ते सांगणारी फाइल) लावून नोंदणीशिवाय कॉम चालतं. डीएलएल एक्सईशेजारी ठेवा, ॲडमिनचा पासवर्डही नको. नाहीतर दोन कंपन्यांचे इन्स्टॉलर एकाच सीएलएसआयडीवर (क्लासच्या ओळख क्रमांकावर) आपापला पाथ लिहिणार, आणि जो शेवटी बसला त्याचं राज्य.

निमा_के
स्वतःच्या एक्सईसाठी सोळा आणे पटलं. पण एक्सेलच्या एक्सईला मॅनिफेस्ट तुम्ही लावणार का? वाद तर तिथलाच आहे.

जुना_गडी
सरोगेटचं ऐकून होतो. पण आमचा मॅक्रो खातेदारागणिक व्याज विचारतो, आणि दर कॉल प्रोसेस ओलांडून गेला तर मार्चअखेरीस रात्र काढावी लागेल.

निमा_के
मग एका कॉलमध्ये सगळ्या खात्यांचा ॲरे पाठवा. तेवढी एक मेथड व्हीबी६ मध्येही लिहिता येते.

जुना_गडी
सोर्स आहे, बघतो. तोवर शाखांत ३२-बिट ऑफिसच बसवणार. ते अजून मिळतं, खटपट्या कितीही चिडले तरी.