मदत हवी आहे : जुन्या बंबखान्याचं छोटं संग्रहालय

नमस्कार मंडळी. आमच्या गावातल्या जुन्या बंबखान्याची एक खोली लोकांसाठी खुली करायची आहे. १४ एप्रिलला, अग्निशमन सेवा दिनी. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला. कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच जहाजात होता. आग विझवायला गेलेले ६६ जवान परत आले नाहीत. त्यांच्यासाठी एक भिंत राखून ठेवली आहे.

वस्तू थोड्याच आहेत : बंबाची घंटा, दोन पितळी हेल्मेटं, कॅनव्हासचा पाइप. एका हेल्मेटच्या आत चामड्याच्या पट्टीवर घामाचा काळा डाग अजून आहे. तो मला पुसायचा नाही. पण पितळेचं काय करू? सगळे म्हणतात चिंच किंवा पितांबरी लावून लख्ख करा. मला भीती वाटते, कोरलेला नंबर आधीच पुसट झालाय, तो झिजून जाईल. आणि पाइप घडीवर तडकतोय, तो गुंडाळून ठेवू की पसरून?

मुलांना घंटा वाजवू द्यावी असं फार वाटतं. कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा.