मेंदूत जाणारा प्रकाशतंतू मुलांच्या किडनीत का जात नाही?

मुठाकाठ

नमस्कार मंडळी. माझा मुलगा सात वर्षांचा असून त्याला चौथ्या वर्षी नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे किडनीतून प्रथिने गळण्याचा आजार, असल्याचे निदान झाले. तेव्हापासून सर्दी-खोकल्याचे निमित्त झाले की डोळ्यांखाली सूज दिसू लागायची, लघवीतून प्रथिने जाऊ लागायची आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड सुरू केले की आठ-दहा दिवसांत लघवी स्वच्छ व्हायची. या वेळी मात्र पूर्ण मात्रेत सहा आठवडे औषध देऊनही लघवीतील प्रथिने तपासण्याची सकाळची स्ट्रिप गडद हिरवीच येते आहे, त्यामुळे डॉक्टरांनी किडनीची बायोप्सी करण्याचा सल्ला दिला आहे.

त्याच सुमारास पुण्यात एका जाहीर विज्ञान व्याख्यानाला जाण्याचा योग आला. केसाएवढा काचेचा तंतू उंदराच्या मेंदूत खोलवर सरकवून तिथल्या जिवंत पेशी कशा पाहता येतात, याची चित्रे वक्त्यांनी दाखवली. मी संगणक क्षेत्रात आहे, भौतिकशास्त्राशी संबंध बारावीपर्यंतचा. तरीही घरी येताना एकच विचार मनात घोळत राहिला: मेंदूसारख्या नाजूक अवयवात इतका बारीक तंतू जाऊ शकतो, तर लहान मुलाच्या किडनीत जाड सुई घालून तुकडा काढण्याऐवजी असा तंतू घालून आत काय बिघडले आहे ते पाहता येणार नाही का? तसे कुठे होत असेल, तर बायोप्सी थोडी पुढे ढकलण्यात अर्थ आहे का?

दुसरा प्रश्न थोडा वेगळा आहे. याच आजारावरच्या संशोधनासाठी मुलाचे थोडे जादा रक्त आणि लघवी देण्याबद्दल रुग्णालयाने आमची संमती विचारली आहे. यजमान तयार आहेत. सासूबाईंचे म्हणणे असे, की पोराचे आधीच एवढे रक्त जाते, त्यात आणखी कशाला. संमती देण्यापूर्वी काय काय विचारून घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पाषाणकर

ताई, माझे काम प्रकाशशास्त्रातले आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नापुरतेच लिहितो. बायोप्सी कधी करावी, हे डॉक्टरांनीच सांगायचे.

व्याख्यानात दाखवलेले तंत्र बहुधा बहुप्रवाही, म्हणजे मल्टिमोड, तंतूचे असावे. अशा तंतूच्या एका टोकातून चित्र आत सोडले, तर प्रकाश आतून अनेक वाटांनी जातो आणि दुसऱ्या टोकाला नुसते ठिपक्यांचे जाळे उमटते. परंतु हा गोंधळ ठरलेल्या नियमाने होत असतो. आत सोडलेल्या प्रत्येक नमुन्याचे पलीकडे काय होते, हे आधी मोजून ठेवले, तर प्रकाशाला आत शिरण्यापूर्वीच असा आकार देता येतो, की पलीकडच्या टोकाला त्याचा एकच बारीक ठिपका पडेल. तो ठिपका पेशींवरून ओळीओळीने फिरवायचा, पेशींतून निघणारा चमक-प्रकाश त्याच तंतूतून परत गोळा करायचा आणि संगणकावर चित्र जुळवायचे. जर्मनीतल्या येना शहरात टोमाश चिझमार यांचा गट हे काम बरीच वर्षे करतो आहे, आणि 2018 साली एकाहून अधिक गटांनी या पद्धतीने उंदराच्या मेंदूतील चेतापेशींची चित्रे प्रसिद्ध केली. दूरसंचाराचा नेहमीचा काचतंतू काचेच्या आवरणासकट 125 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असतो आणि हे तंतू त्याहून जाड नसतात, त्यामुळे मेंदूला होणारी इजा पूर्वीच्या भिंगयुक्त नळ्यांपेक्षा फार कमी असते.

मग किडनीत का नाही? तंतू जाड आहे म्हणून नव्हे. तुमच्या मुलाच्या आजारात जे पाहायचे असते, तेच प्रकाशाला दिसण्याजोगे नसते. चेतापेशीचे शरीर साधारण 10 ते 20 मायक्रॉनचे असते आणि या तंतूतून सुमारे एक मायक्रॉनपर्यंतचा तपशील दिसतो, म्हणून तिथे काम भागते. किडनीत रक्त गाळणाऱ्या केशवाहिन्यांच्या गुच्छाभोवती पोडोसाइट नावाच्या पेशी आपले पाय एकमेकांत गुंफून बसलेल्या असतात आणि त्या पायांमधली फट सुमारे 40 नॅनोमीटरची, म्हणजे एका मायक्रॉनच्या पंचविसाव्या भागाएवढी असते. साध्या दृश्य प्रकाशाने सुमारे 200 नॅनोमीटरपेक्षा जवळच्या दोन गोष्टी वेगळ्या दाखवता येत नाहीत. ही मर्यादा अर्न्स्ट आबे यांनी 1873 साली मांडली, तीही येनातच, ही मला नेहमीच विलक्षण वाटणारी गोष्ट आहे. पोडोसाइटचे पाय सपाट होऊन एकमेकांत मिसळून गेले, तर प्रथिने गळू लागतात, पण साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो गुच्छ जवळजवळ निरोगीच दिसतो. मुलांमधल्या या आजाराच्या सर्वांत नेहमीच्या प्रकाराला 'मिनिमल चेंज' म्हणतात, ते याचमुळे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो बदल स्पष्ट दिसतो, आणि त्यासाठी ऊतीचा तुकडा शरीराबाहेर काढावाच लागतो. प्रकाशाची ही मर्यादा ओलांडणारी सूक्ष्मदर्शके आता आहेत आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी त्यांच्या मदतीने या फटी पाहिल्याही आहेत, मात्र तेही काढलेल्या, रसायनांनी पारदर्शक केलेल्या ऊतीत.

आणखी दोन अडचणी आहेत. तंतू थोडा जरी वाकला, तरी आधी मोजून ठेवलेला नियम बदलतो आणि चित्र बिघडते. उंदराचे डोके घट्ट धरून ठेवता येते, किडनी मात्र प्रत्येक श्वासाबरोबर वर-खाली सरकते. शिवाय उंदराच्या मेंदूतील पेशी चमकतात, कारण विषाणूच्या साहाय्याने किंवा जनुकीय बदल करून त्यांच्यात चमकणारे प्रथिन आधीच घातलेले असते. माणसाच्या मुलात असे काही करण्याचा प्रश्नच येत नाही.

तरीही मेंदूतल्या या कामाचा किडनीशी काहीच संबंध नाही, असे मी म्हणणार नाही. ऑस्ट्रेलियातील एका गटाने मेंदूच्या बायोप्सीच्या सुईत बारीक तंतू बसवला आणि परतणाऱ्या अवरक्त प्रकाशावरून सुईजवळची रक्तवाहिनी शस्त्रक्रियेच्या वेळीच ओळखता येते, हे प्रत्यक्ष रुग्णांमध्ये दाखवले. हे काम 2018 च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. किडनीच्या बायोप्सीतही खरी भीती रक्तस्रावाचीच असते. म्हणून माझे मत असे आहे, की प्रकाशतंतू किडनीचा आजार ओळखणार नाही. पुढेमागे तो सुईला वाट दाखवू शकेल. त्या आशेवर आज बायोप्सी थांबवू नये.

रास्तापेठ

मी बालमूत्रपिंडरोग विभागात काम करते. पाषाणकरांनी जे लिहिले आहे, त्याच्या पुढचे लिहिते.

बहुतेक मुलांना बायोप्सी लागतच नाही, कारण स्टेरॉइडला मिळणारा प्रतिसाद हीच मोठी तपासणी ठरते. वयाच्या पहिल्या वर्षाच्या आत आजार सुरू झाला, लघवीतून डोळ्यांना दिसण्याइतके रक्त गेले, रक्तदाब सतत वाढलेला राहिला, किडनीचे काम मंदावले किंवा तुमच्या मुलासारखे पूर्ण मात्रेतले औषध सहा आठवडे देऊनही लघवी स्वच्छ झाली नाही, तर मात्र तुकडा पाहावाच लागतो. त्यातून 'मिनिमल चेंज' आहे की काही गुच्छांमध्ये व्रण पडू लागले आहेत, म्हणजे एफएसजीएस आहे, हे कळते. टॅक्रोलिमससारखे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू करण्यापूर्वी किडनीच्या ऊतीची आजची स्थिती माहीत असणे फार उपयोगाचे ठरते, कारण त्या औषधाचा किडनीवर काही दुष्परिणाम झाला, तर तो पुढे याच नोंदीशी ताडून पाहता येतो. एफएसजीएसमध्ये सगळे गुच्छ एकाच वेळी बिघडत नाहीत. म्हणून तुकड्यात पुरेसे गुच्छ यावे लागतात, आणि टोकाजवळचे तेवढेच दाखवणाऱ्या तंतूचा इथेही उपयोग नाही.

प्रत्यक्ष बायोप्सी सोनोग्राफीत पाहत, मुलाला गुंगीचे औषध देऊन आणि ती जागा बधिर करून केली जाते. सुई एक ते दीड मिलिमीटर जाडीची असते. त्यानंतर काही तास मुलाला पाठीवर निजवून ठेवतात आणि प्रत्येक वेळची लघवी रंगासाठी पाहतात.

ताई, स्टेरॉइडला दाद न देणाऱ्या काही मुलांमध्ये दोष जनुकात असतो. पोडोसाइटच्या पायांमधल्या फटीवर एक पातळ पडदा असतो; त्या पडद्याचे नेफ्रिन हे प्रथिन ज्या जनुकावरून बनते, ते 1998 मध्ये सापडले आणि पोडोसिनचे 2000 मध्ये. अशा जन्मजात दोषात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे वाढवत नेण्याचा सहसा उपयोग होत नाही, म्हणून जनुकीय तपासणी सुचवली जाते. तुमचा मुलगा सुरुवातीची काही वर्षे स्टेरॉइडला चांगला प्रतिसाद देत होता, त्यामुळे त्याच्याबाबतीत ही शक्यता बरीच कमी आहे. तुम्हाला धीर देण्यासाठी हे लिहीत नाही, खरोखरच तसे आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच ठिकाणी आहे. अनेक वर्षे आम्ही पालकांना सांगत आलो, की प्रतिकारशक्तीत काहीतरी बिघडते, पण नेमके काय, ते सांगता येत नव्हते. 2022 मध्ये आणि मग अधिक मोठ्या प्रमाणावर 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत असे आढळले, की बऱ्याच रुग्णांच्या रक्तात नेफ्रिनविरुद्ध प्रतिपिंडे असतात. 2024 च्या अभ्यासात नेफ्रोटिक सिंड्रोम असलेल्या 182 मुलांपैकी 94 मुलांमध्ये ती सापडली, आणि आजार उसळलेला असताना व प्रतिकारशक्ती दाबणारे औषध चालू नसताना घेतलेल्या रक्तात हे प्रमाण सुमारे 90 टक्के होते. आजार शांत झाला की ही प्रतिपिंडे कमी होतात किंवा नाहीशी होतात. मुलाच्या रक्ताच्या थेंबांवरून आजाराचे कारण ओळखता येण्याच्या दिशेने हे पाऊल मला प्रकाशतंतूपेक्षा कितीतरी जवळचे वाटते, आणि हे पाऊल पडू शकले ते रक्त द्यायला तयार झालेल्या शेकडो कुटुंबांमुळे.

म्हणून माझे सांगणे आहे, की नमुना जरूर द्या, मात्र विचारून द्या. अभ्यासाला संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आहे का, जादा रक्त नेहमीच्या तपासणीच्या सुईतूनच घेणार का, नमुने किती वर्षे ठेवणार, जनुकीय तपासणी करणार असल्यास निष्कर्ष तुम्हाला कळवणार का आणि नकार दिला किंवा मध्येच माघार घेतली तरी उपचारात काही फरक पडणार नाही ना, हे सगळे स्पष्ट करून घ्या. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे सात वर्षांच्या मुलालाही त्याला समजेल अशा भाषेत सांगून त्याची तोंडी तयारी विचारायची असते. सासूबाईंनाही त्या बोलण्याच्या वेळी बरोबर न्या, त्यांची शंका रास्त आहे.

वारजेकर

आमची मुलगी आता दहावीत आहे आणि तिची बायोप्सी ती साधारण तुमच्या मुलाच्या वयाची असताना झाली. निदान एफएसजीएस आले. टॅक्रोलिमसवर लघवीतील प्रथिने हळूहळू उतरली. ते औषध घड्याळ लावून द्यावे लागते आणि त्याच्या पातळीसाठी रक्त तपासत राहावे लागते, याची तयारी ठेवा.

घरच्या तपासणीची वही सोडू नका. स्ट्रिप महाग पडू लागली, तेव्हा आम्ही काचनळीत लघवी घेऊन सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकायचो आणि नळीमागे वर्तमानपत्र धरायचो. गढूळपणातून छापील अक्षरे वाचता आली तर एक अधिक, नुसत्या ठळक काळ्या रेघा दिसल्या तर दोन, काहीच दिसले नाही तर तीन, आणि साका धरला तर चार. मुलगी स्वतःच मथळा वाचून दाखवायची. ती वही पाहून डॉक्टर मात्रा ठरवायचे, इतकी ती कामाची ठरली.

नमुन्यांबद्दल एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. डॉक्टरांनी वर लिहिलेच आहे, की उपचार सुरू झाल्यावर ती प्रतिपिंडे उतरतात. तेव्हा पुढे कधी आजार उलटला, तर नमुना औषधाच्या आधी घ्यायचा आहे का आणि त्यासाठी कोणाला फोन करायचा, हे आजच विचारून ठेवा.

रास्तापेठ

वारजेकरांच्या सूचनेला एक पुरवणी जोडते. नमुन्यासाठी औषध लांबवायचे नाही. आणि सूज असलेल्या मुलाला ताप येऊन पोट दुखू लागले, तर कसलीही वाट न पाहता रुग्णालय गाठायचे, कारण पोटातल्या पाण्याला जंतुसंसर्ग झालेला असू शकतो आणि तो झपाट्याने वाढतो.

मुठाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. बायोप्सी पुढे ढकलायची नाही, हे आता आमचे ठरले आहे. सासूबाईंना हे सगळे वाचून दाखवले. रक्त नेहमीच्याच सुईतून घेणार असतील तर त्यांची हरकत नाही. एकच शंका उरली आहे. पाषाणकरांनी म्हटल्याप्रमाणे खरा बदल इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसत असेल, तर ती तपासणी आपोआप होते, की आम्ही आधी सांगावे लागेल?

रास्तापेठ

आधी विचारा. प्रत्येक ठिकाणी ती सोय नसते, नमुना बाहेर पाठवावा लागतो आणि खर्चही वेगळा येतो. मुख्य म्हणजे त्यासाठीचा छोटा तुकडा बायोप्सीच्या वेळीच बाजूला काढून ग्लुटराल्डिहाइड या ऊती टिकवणाऱ्या द्रवात ठेवायचा असतो. सगळा नमुना फॉर्मॅलिन या नेहमीच्या द्रवात गेला, तर नंतर ही तपासणी करता येते, पण बारीक तपशील तितका चांगला राहत नाही. म्हणून बायोप्सीच्या आदल्या दिवशीच तुमच्या डॉक्टरांशी याविषयी बोलून घ्या.