पोटरीचा पीएच पायऱ्या-पायऱ्यांनी काहून चढतो? (फॉस्फरस एमआरएस)

वर्धेकर_३१
फॉस्फरस एमआरएस म्हणजे एमआरआय मशीनने स्नायूतल्या फॉस्फरसवाल्या रेणूंचा सिग्नल वाचणं. ३ टेस्लाचं मशीन, पोटरीखाली १० सेंमीची सरफेस कॉइल (सिग्नल टिपणारं कडं), टीआर (दोन रेडिओ पल्समधला वेळ) २ सेकंद. विश्रांतीत ३२ ॲव्हरेज (तेवढ्या मोजण्यांची सरासरी), व्यायामात ८. बँडविड्थ ३००० हर्ट्झ, पॉइंट १०२४. पीएच बदलला की फॉस्फेटचं शिखर सरकतं, म्हणून फॉस्फोक्रिएटिन (स्नायूचा झटपट ऊर्जासाठा) शून्यावर धरून फॉस्फेटचं शिखर कर्सरने वाचतो आणि हे सूत्र लावतो (अंतर म्हणजे या दोन शिखरांतलं, पीपीएममध्ये, म्हणजे दशलक्षांशात):

पीएच = ६.७५ + लॉग [(अंतर − ३.२७) / (५.६९ − अंतर)]

सध्या शेतमजूर आहेत, पुढे सिकलसेलची तरुण पोरं घ्यायची आहेत. अडचणी अशा:
विश्रांतीत ७.०१, ७.०५ नाहीतर ७.१० येतो, मधला आकडा कधीच नाही. पायडल सुरू केल्यावर पीएच उतरायच्या ऐवजी ७.१५ वर जातो. चौथ्या मिनिटाला फॉस्फेट दुभंगतो, एक ४.७५ ला, दुसरा ४.१५ ला. आणि थांबल्यावर तीन मिनिटांनी ६.७, लगेच ७.३, असं काहीही येतं. मशीन बिघडलं म्हणायचं का?

वऱ्हाडी_स्पिन
भाऊ, मशीन ठीक आहे. पायऱ्या स्नायूच्या नाहीत, पॉइंटांच्या आहेत. ३००० भागिले १०२४, म्हणजे पॉइंटामागे २.९३ हर्ट्झ. ३ टेस्लाला फॉस्फरस ५१.७ मेगाहर्ट्झवर असतो, म्हणून ते झाले ०.०५७ पीपीएम. आता ७.०५ च्या आसपास पीएच ०.१ ने बदलला तर शिखर जेमतेम ०.१२ पीपीएम सरकतं. तर एक पॉइंट म्हणजे ०.०४६ पीएच. तुमचे तिन्ही आकडे याच अंतरावर बसलेत, पाहून घ्या.

०.०२ पर्यंत नेमकं वाचायचं असेल तर शिखराची जागा १.३ हर्ट्झच्या आत कळायला पायजे. शून्यं भरून ८१९२ पॉइंट करा, पायरी ०.३७ हर्ट्झवर येईल. पण कर्सर सोडाच. जेएमआरयूआय या सॉफ्टवेअरमध्ये एमेअर्स पद्धतीने टाइम डोमेनमध्येच (स्पेक्ट्रम बनवायच्या आधीच्या कच्च्या सिग्नलवर) फिट करा. रुंदी फॉस्फोक्रिएटिनकडून उसनी घेऊन फॉस्फेटला बांधून टाका, नाहीतर लहान शिखर नॉइजमागे पळतं.

टीआर २ सेकंद आखूडच आहे, शिखरांची उंची दबते. पीएचला त्याचं काही नाही, तो जागेवरून काढतो, उंचीवरून नाही. फॉस्फेट आणि फॉस्फोक्रिएटिनचं गुणोत्तर लिहिणार असाल तर मात्र सॅच्युरेशनची, म्हणजे या दबण्याची, दुरुस्ती करा.

पोटरी_पाहणारा
सुरुवातीची चढण खरी आहे, खोडू नका. फॉस्फोक्रिएटिन फुटताना हायड्रोजन आयन खर्ची पडतात, म्हणून पहिल्या अर्ध्या-एक मिनिटात स्नायू किंचित अल्कलीकडे झुकतो. ग्लायकोलिसिसचं (साखर फोडण्याचं) आम्ल नंतर चढतं आणि पीएच घसरतो. मॅकआर्डल रोगात ग्लायकोजेन (स्नायूतली साठवलेली साखर) फुटतच नाही, तिथे ही घसरण येतच नाही. फॉस्फरस एमआरएसने हे १९८१ सालीच दाखवलंय.

दुभंगाबद्दल आधी सांगा: त्याच स्पेक्ट्रममध्ये फॉस्फोक्रिएटिन एक आहे की तोही फाटलाय?

वर्धेकर_३१
एकच आहे सर. रुंदी १० हर्ट्झ.

पोटरी_पाहणारा
मग शिमिंगचा (चुंबकक्षेत्र एकसारखं करण्याचा) दोष नाही. शिम बिघडलं असतं तर सगळीच शिखरं फाटली असती. ४.७५ म्हणजे ६.९५ आणि ४.१५ म्हणजे ६.५१. एका कॉइलमध्ये दोन कप्पे दिसताहेत. गुडघा सरळ ठेवून टाच उचलली की गॅस्ट्रोक्नेमियस (पोटरीचा वरचा स्नायू) राबतो, त्याच्या आतला सोलियस हळू तंतूंचा, तो आम्ल कमी करतो. १० सेंमीची कॉइल दोन्ही पाहते. दोन्ही शिखरं वेगळी फिट करा, क्षेत्रफळासकट दोन्ही आकडे द्या. एकच शिखर बसवलं तर सरासरी येईल ६.७-६.८, आणि तेवढा पीएच पोटरीत कुठेच नसेल!

वऱ्हाडी_स्पिन
थांबल्यानंतरचं: फॉस्फोक्रिएटिन परत बांधला जाताना हायड्रोजन आयन सुटतात, त्यामुळे पीएच आधी अजून थोडा खाली जातो, मग वर येतो. तोवर फॉस्फेट त्यातच मुरून विश्रांतीपेक्षाही कमी होतो, शिखर नॉइजमध्ये बुडतं. तुमचे ६.७ आणि ७.३ म्हणजे नॉइजच. दुसऱ्या मिनिटापासून चार-चार स्पेक्ट्रम फॉस्फोक्रिएटिनवर जुळवून एकत्र करा, सिग्नल-नॉइज दुप्पट होतो. तरी दिसलं नाही तर त्या जागी आकडा लिहू नका.

पायडल कशाचं आहे?

वर्धेकर_३१
सागाची फळी, नायलॉनची दोरी, वजनाला रेतीची पोतडी.

वऱ्हाडी_स्पिन
रेती काढा राजेहो! आपल्याकडची नदीची रेती बेसाल्टातून आलेली, काळे कण मॅग्नेटाइटचे. पोतडीवरून साधा चुंबक फिरवा, मिशी उगवेल. पाण्याचे प्लास्टिकचे कॅन लावा, किंवा सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणा, पण व्हॉल्व्ह कापून. प्रत्येक टीआरला एकच ढकल, आणि पल्स पाय परत येऊन स्थिर झाल्यावर. पाय हलताना घेतलेल्या स्पेक्ट्रमचं शिम वाया जातं. बायांची जोडवी, पैंजण आत जायच्या आधी काढून घ्या. जोडवी साबण लावून निघतात, वेळ धरा.

पोटरी_पाहणारा
सिकलसेलच्या पोरांवर मांडीला कफ बांधून रक्त अडवायचा प्रोटोकॉल अजिबात नको. ऑक्सिजन तोडला की तिथेच पेशी कोयत्यासारख्या वाकतात. दमवणारा व्यायामही नको. हलकं वजन, पायडल दोन मिनिटं, आधी पाणी पाजलेलं. आणि मे महिन्यात गावावरून दुपारच्या एसटीने आणू नका, सकाळचीच वेळ द्या.