मदत हवी आहे: सरकारी खर्चाचा गुणक ५, मग करकपातीचा ४ का?

नमस्कार मंडळी. नोकरी सांभाळून ऑनलाइन बी.ए. करतेय. स्थूल अर्थशास्त्रात अर्थतज्ज्ञ केन्सच्या गुणकापाशी (खर्च वाढला की एकूण उत्पन्न त्याच्या किती पट वाढतं, तो आकडा) अडलेय.

सीमांत उपभोग प्रवृत्ती (वाढीव उत्पन्नातला खर्च होणारा वाटा) ०.८ धरली, तर १०० कोटींच्या सरकारी खर्चाने उत्पन्न ५०० कोटींनी वाढतं. वहीत फेऱ्या मांडून पाहिल्या: १००, ८०, ६४, ५१.२... हे पटलं. पण तेवढीच करकपात केली तर वाढ ४०० कोटीच! लोक हाती आलेल्या पैशातले २० कोटी आधीच बचतीत टाकतात आणि साखळी ८० पासून सुरू होते, म्हणून का? सूत्र पाठ आहे, मला कारण नीट कळायला हवंय.

आयात धरली की गुणक किती घटतो, तेही कोणी आकडे घेऊन दाखवेल का? रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानात शंका विचारता येत नाही हो. शनिवारी चाचणी आहे.