स्पंज खरवडावे लागत नाहीत

औषधासाठी समुद्रातले स्पंज (तळाला चिकटून राहणारे साधे प्राणी) संपवतील, अशी भीती काहीजण घालतात; ती खरी ठरलेली नाही. हॅलिकॉन्ड्रिन बी हे स्पंजातलं कर्करोगविरोधी रसायन मिळवायला न्यूझीलंडजवळून टनभर स्पंज काढला, तेव्हा हाती जेमतेम ३०० मिलिग्रॅम आलं. एवढ्यात काय होणार! म्हणून त्या रेणूचा कामाचा भाग प्रयोगशाळेतच घडवला. तेच एरिब्युलिन, २०१० मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कर्करोगासाठी मंजूर झालेलं.

अन् दादा, "आपल्या विदर्भाला समुद्राचं काय" हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. आमच्या यवतमाळकडच्या गावातल्या एका पोराला रक्ताचा कर्करोग झाला. बापानं कापूस विकून नागपूर गाठलं, तिथं सायटॅराबिनची इंजेक्शनं दिली. त्या औषधाची वाट दाखवली कॅरिबियन समुद्रातल्या स्पंजात १९५०च्या सुमारास सापडलेल्या न्यूक्लिओसाइडांनी, म्हणजे डीएनएच्या घटकांसारख्या रेणूंनी. आज ते कारखान्यातच बनतं, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे.