‘ॲडजस्ट करा’ म्हणजे नेमकं कुणी सरकायचं?

तिसरा बाक
परवा सावंतवाडीहून दिव्याच्या गाडीनं येत होतो. जनरलचा डबा, चौघांच्या बाकावर आम्ही पाच. कणकवलीला एक बाई चढल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातानं कमरेला धरलेला फणस. माझ्यासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "जरा ॲडजस्ट करा." मी सहज विचारलं, "काय ॲडजस्ट करू?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बाकीचे चौघे आपोआप सरकले.

तेव्हापासून हे क्रियापद डोक्यात बसलंय. इंग्रजीत ॲडजस्ट करताना बहुधा समोर काहीतरी वस्तू असते. आरसा, घड्याळ, चष्मा. नाहीतर माणूस नव्या परिस्थितीला सरावतो, तिथं परिस्थिती कोणती ते पुढे येतं. आपण हे सगळं गाळून नुसतं ‘ॲडजस्ट करा’ ठेवलंय. काय, किती, कशाशी, कधीपर्यंत, काहीच नाही. मराठीत सरका आहे, जुळवून घ्या, चालवून घ्या, निभावून न्या, सांभाळून घ्या आहे. प्रत्येकाचं काम वेगळं. पाच धारदार कोयते असताना एकाच बोथट सुरीनं सगळं कापायचं कशाला? माझं स्पष्ट मत, हा शब्द टाकून द्यावा.

कुडाळची सून
आजिबात पटलं नाही. ‘सरका’ हा हुकूम आहे. सत्तर वर्षांच्या आजोबांना मी ‘सरका’ म्हणू? ‘ॲडजस्ट करा’ मोघम आहे म्हणूनच सभ्य आहे. कुणी सरकायचं, पाय आवळायचे की पिशवी मांडीवर घ्यायची, ते समोरच्यावर सोडलेलं असतं.

आमच्याकडे चतुर्थीला दोन खोल्यांत अठ्ठावीस माणसं झोपतात. मुंबईचे रात्री अडीचला उतरतात तेव्हा पडवीतसुद्धा जागा नसते. सासूबाई कंदील वर करून म्हणायच्या, "हंयसर आडवे पडा, सगळे मावतत." त्या रात्री कोण कशाशी जुळवून घेतंय याचं व्याकरण कुणी काढत नाही.

तिसरा बाक
वहिनी, तुमच्या सासूबाईंनी ‘मावतत’ म्हटलं. ॲडजस्ट नाही म्हटलं.

कुडाळची सून
त्या शाळेत गेल्या नव्हत्या हो. मी गेले. आता मी ॲडजस्ट म्हणते आणि माणसं तेवढीच मावतात.

देवगडचा मास्तर
भांडण्याआधी शब्दाचं मूळ बघा, मजा आहे. लॅटिनमध्ये ‘युक्स्ता’ म्हणजे जवळ, शेजारी. त्याला ‘आद’ लावून उत्तरकालीन लॅटिनमध्ये क्रियापद झालं, अर्थ ‘जवळ आणणे’. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं ‘अजोस्ते’ झालं, म्हणजे जोडणे. आजच्या फ्रेंचमध्ये त्याचाच एक वंशज ‘अझुते’ आहे, अर्थ भर घालणे. बाकावरच्या सहाव्या माणसाला याहून नेमकं क्रियापद मिळणार नाही.

‘न्याय्य, रास्त’ या अर्थाचा ‘जस्ट’ मुळात यात नव्हताच. फ्रेंचांनी कानाला सारखा वाटला म्हणून तो यात मिसळला, रूपही त्याच्यासारखं घडवलं, आणि इंग्रजीत आलं ते हे मिसळलेलं रूप. त्यामुळे नीट बसवणे, बरोबर करणे हा अर्थ त्याला चिकटला.

आणखी मागे गेलात तर ‘युक्स्ता’ आणि आपला संस्कृत युज् धातू एकाच मूळच्या घरातले. योग, युक्त, युग्म तिथलेच, आणि आपल्या बैलाच्या मानेवरचं जूही. सहाव्या माणसाला बाकावर घेणं हा एक प्रकारचा योगच आहे.

अजून एक. त्याच ‘युक्स्ता’पासून इंग्रजीत ‘जाउस्ट’ आलं, घोड्यावरून भाले रोखून एकमेकांवर धावून जाणं. जवळ आले म्हणून जुळले आणि जवळ आले म्हणूनच लढले. हसू नका, मराठीत ‘भिडणे’ तेच करतं. घराला घर भिडलेलं असतं आणि त्याच घरातले दोन भाऊ भिंतीवरून भिडलेले असतात.

तिसरा बाक
मास्तर, मूळ झकास. पण मूळ गोड म्हणून आजचा वापर गोड ठरत नाही. जू बैलाच्या मानेवर असतं, हाकणाऱ्याच्या नाही.

हर्णै ते हॅम्बुर्ग
बत्तीस वर्षं मालवाहू बोटींवर होतो. आमच्या धंद्यात ‘ॲव्हरेज ॲडजस्टर’ नावाचा माणूस असतो. वादळात जहाज वाचवायला काही माल समुद्रात टाकावा लागला, तर ते नुकसान एकट्या त्या मालवाल्याचं नसतं. जहाजमालक आणि ज्यांचा माल वाचला ते सगळे आपापल्या किमतीच्या प्रमाणात भरतात. ज्याचा माल गेला त्याच्याही वाट्याला प्रमाणात येतं. या वाटून घेतलेल्या नुकसानीलाच आमच्याकडे ‘ॲव्हरेज’ म्हणतात, सरासरी नव्हे. रोमन कायद्यातही ऱ्होड्स बेटाच्या नावानं हा नियम आहे, आज यॉर्क-अँटवर्प नावाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी चालतो. कुणी किती सोसायचं त्याचा हिशेब मांडतो तो ॲडजस्टर.

म्हणजे तिथं ॲडजस्ट करणं हे सगळ्यांचं काम. आपल्याकडे ‘ॲडजस्ट करा’ म्हणणारा स्वतः तसूभर हलत नाही. शब्द टाकू नका, पण तो अर्थ परत आणा.

चिपळूण बाजारपेठ
काका, त्या ॲव्हरेजचा दुसरा अवतार मी भोगलाय. २२ जुलै २०२१ चा पूर. आमच्या दुकानात माळ्यापर्यंत पाणी. चिखल काढताना कापडाचे तागे असे निघत होते की आधी मासा वाटावा. विमा होता. पण माल दहा लाखांचा आणि विमा मी सहाचाच उतरवलेला, हप्ता वाचवायला. पाच लाखांचं नुकसान मान्य झालं, हातात तीन आले. पत्रात लिहिलं होतं की रक्कम ‘ॲडजस्ट’ केली आहे. चौकशी केली तेव्हा कळलं, माल जेवढ्या प्रमाणात विम्याखाली तेवढ्याच प्रमाणात भरपाई, आणि या अटीलाही ॲव्हरेजच म्हणतात. विलायतेत असं नुकसान ठरवणाऱ्याला लॉस ॲडजस्टर म्हणतात, आपल्याकडे सर्व्हेअर.

चूक माझी होती, मान्य. पण ‘दोन लाख कापले’ असं सरळ लिहिलं असतं तर मला पत्र एकदाच वाचावं लागलं असतं. तिसऱ्या बाकाशी सहमत. हा शब्द कापाकापीवर पांघरूण घालतो.

नाक्यावरचं गॅरेज
आमच्याकडं पांघरूण नसतं बघा. रिक्षाच्या क्लचची वायर ढिली झाली की नट फिरवून ताण आणायचा, त्याला म्हणतात ॲडजस्ट. नट पुढे पुढे जातो, एक दिवस आटे संपतात. मग कितीही वळवा, वायर बदलायचीच. गिऱ्हाईक म्हणतं, "अजून थोडं ॲडजस्ट कर ना." कशात करू?

माहेर दापोली
इतका वेळ गप्प होते. सगळे बाकाबद्दल बोलताय. लग्न ठरल्यापासून मला ‘ॲडजस्ट करून घे’ हे वाक्य इतक्यांदा ऐकवलंय की मोजणं सोडलं. त्यातलं ‘घे’ बघा. ‘करून दे’ म्हटलं की काम दुसऱ्यासाठी, ‘करून घे’ म्हटलं की ते आपल्याच माथी. माझ्या नवऱ्याला कुणीही ‘तिच्याशी ॲडजस्ट करून घे’ म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. सासरी चहा गोड होतो, मी ॲडजस्ट करून घेतलं. माझ्या हातचं सोलकढीचं प्रमाण वेगळं, तेही मीच ॲडजस्ट करून घेतलं.

आणि तिसरा बाक, तुमचं ‘जुळवून घ्या’ काही कमी नाही. त्यातही ‘घ्या’ आहेच. मराठी शब्द आणल्यानं काय फरक पडणार होता?

तिसरा बाक
ताई, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. सगळा दोष मी इंग्रजीवर ढकलत होतो, आणि अडचण आपल्याच ‘घे’मध्ये निघाली. तरी एक म्हणेन. ‘जुळवून घे’ म्हटलं की निदान विचारता येतं, कुणाशी? ‘ॲडजस्ट कर’ला तो प्रश्नच सुचत नाही.

माहेर दापोली
विचारून बघितलंय. उत्तर येतं, "सगळ्यांशी."

कुडाळची सून
ताई, तुमचं पटलं. सासरचं ॲडजस्ट आणि चतुर्थीचं ॲडजस्ट एक नाही. चतुर्थीचं तीन दिवसांत संपतं, आणि मुंबईचे परत जाताना गाद्या घड्या घालून जातात. पण शब्द टाकायचा म्हणत असाल तर माझा अजूनही विरोध.

बरं, त्या फणसवाल्या बाईंचं काय झालं? जागा दिलीत का शेवटी?

तिसरा बाक
दिली. त्या बसल्या, मी पनवेलपर्यंत उभा. फणस माझ्या बॅगेवर ठेवलेला होता. बॅगेला अजून चीक आहे.