सपाट पाऊल : ठसा नको, टाच बघा
'ओल्या पायाचा ठसा घ्या, कमान दिसली नाही तर बुटात जेलचे इनसोल वापरा' हा सल्ला अर्धाच खरा. ठशावरून पाऊल सपाट आहे एवढंच कळतं, ते जन्मापासूनच तसं आहे की चाळिशीनंतर खचलंय हे कळत नाही. लहानपणापासून सपाट, लवचीक आणि न दुखणाऱ्या पावलाला काही करावं लागत नाही, दुकानदार काहीही म्हणो. पण मोठेपणी एकाच पायाची कमान बसायला लागली, तर बऱ्याचदा घोट्याच्या आतल्या हाडामागून जाणारी टिबिॲलिस पोस्टेरिअर या स्नायूची कंडरा (कमान उचलून धरणारा दोर) झिजलेली असते. भिंतीला हाताची बोटं टेकवून त्या एका पायावर उभे राहा, टाच उचला आणि मागून मोबाइलवर व्हिडिओ काढायला सांगा. टाच वर जाताना किंचित आत वळायला हवी. वळली नाही, किंवा उचललीच गेली नाही, तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा.

जेल वजनाखाली चपटं होतं. अंगठ्याने जोरात दाबूनही कमान दबणार नाही असा टणक इनसोल हवा, आणि बुटाची टाचेमागची बाजूही कडक हवी. व्यायामात दोन्ही टाचांमध्ये टेनिस बॉल धरून टाचा उचलायच्या, 3-4 सेकंद घेत खाली आणायच्या, 15 वेळा, तीन फेऱ्या. दुसऱ्या सकाळी दुखणं वाढलं तर फेऱ्या कमी करा. मधुमेह असेल आणि पाऊल अचानक सुजून गरम, लाल झालं, तर मात्र दुखत नसलं तरी व्यायाम बंद, त्यावर वजन न टाकता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हे शार्को फूट असू शकतं, म्हणजे मधुमेहाने पायाच्या नसा बधिर झाल्यावर होणारा पावलाचा आजार; त्यात हाडं चालता चालता मोडतात.